शिवारात उतरणारे अवकाशविज्ञान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अवकाश संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे श्रीहरिकोटा येते, थुंबा येते, बंगळूर येते. नांदेड किंवा लातूर जिल्ह्याचे नाव कोणाला आठवत नाही. हिमायतनगर म्हणजे जुन्या लोकांचे वाढोणा. तेथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे या विषयावर बोलत असताना एका मुलीने विचारले, "सर, यात आपल्या भागाचा काही संबंध आहे का?" प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तरात साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. तोच आज थोडक्यात सांगतो.

हा इतिहास अग्निबाणाचा नाही, फुग्याचा आहे. 21 नोव्हेंबर 1963 रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच्याही आधीपासून डॉ. होमी भाभा आणि त्यांचे सहकारी विश्वकिरणांचा अभ्यास करण्यासाठी फुग्यांना उपकरणे बांधून ती उंच आकाशात पाठवत होते. 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली आणि या कामाला घर मिळाले. सुरुवातीला रबरी फुगे असत. पुढे संस्थेने प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे स्वतः तयार केले आणि 1969 मध्ये हैदराबादला त्यांच्या उड्डाणासाठी कायमचा तळ उभा राहिला.

हैदराबादच का? हे ठिकाण पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. तेथे कमी ऊर्जेचे विश्वकिरण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे बाहेरच अडवले जातात. त्यामुळे दूरच्या ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण मोजताना गोंगाट कमी होतो. शिवाय क्ष-किरण हवेत शोषले जातात, ते जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. फुगा 40 किलोमीटरवर गेला की 99 टक्क्यांहून अधिक हवा त्याच्या खाली राहते. उपग्रह परवडत नव्हते त्या काळात विश्वाकडे पाहण्याची ही आपली गच्ची होती! 1968 मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्यातून वृश्चिक राशीतील एका प्रखर स्रोताचे क्ष-किरण मोजले गेले. फुग्यांवर कमावलेले हे कौशल्य पुढे उपयोगी पडले. 28 सप्टेंबर 2015 रोजी सोडलेल्या 'अॅस्ट्रोसॅट' या भारतीय वेधशाळेतील क्ष-किरण मोजणारी मोठी उपकरणे याच संस्थेने बनवली.

आता आपला संबंध. फुगा वर जातो, पण उपकरणे परत यावीच लागतात. काम झाले की रेडिओच्या आज्ञेने दोर तोडला जातो आणि उपकरणांची पेटी रंगीत हवाई छत्रीला लटकून खाली उतरते. वारा नेईल तिकडे. म्हणून उड्डाणांच्या हंगामात शेजारच्या जिल्ह्यांना सूचना दिली जाते, आणि त्या यादीत नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली ही नावे असतात. हिमायतनगर ते हैदराबाद सरळ रेषेत अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. वाऱ्याला ते फार नाही.

सूचना अशी असते : पेटी कोणाला सापडली तर ती उघडू नये, हलवू नये. आत जास्त दाबाची वीज असू शकते. पेटीवरील पत्त्यावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. कळवणाऱ्याला बक्षीस मिळते, खर्चही मिळतो. छेडछाड झाली असेल तर मात्र मिळत नाही.

ही अट कोणाला कडक वाटेल. पण पेटीत काय असते ते पाहा. जुन्या काळी विश्वकिरणांच्या खुणा प्रकाशचित्रणासारख्या जाड लेपाच्या पट्ट्यांवर उमटत. पट्ट्या हाती आल्या नाहीत तर सारे उड्डाण वाया. अलीकडचे उदाहरण डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगाचे. 20 एप्रिल 2005 रोजी 2 कोटी 67 लाख घनफुटांचा फुगा हैदराबादहून 459 किलोंची उपकरणे घेऊन वर गेला आणि 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत बंद करून आणली. हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांनी तिची तपासणी केली. 2009 मध्ये जाहीर झाले की त्यात जीवाणूंच्या तीन नव्या जाती आहेत. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे, दुसरीला इस्रोचे, तिसरीला आर्यभटाचे नाव मिळाले. ते पृथ्वीबाहेरून आले असे यावरून सिद्ध होत नाही, हेही शास्त्रज्ञांनी स्पष्ट सांगितले. पण विचार करा, जमिनीवर उतरल्यावर कोणी कुतूहलाने त्यातली एखादी नळी उघडली असती तर? आपल्याच मातीतले जंतू आत शिरले असते आणि प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला असता.

म्हणजे या साखळीची शेवटची कडी मुंबईत नाही, हैदराबादेतही नाही. ती पेटी ज्याच्या तुरीत किंवा कापसात उतरते त्या शेतकऱ्याच्या हातात आहे.

सगळेच आकाशातून सांगून येत नाही. 2 एप्रिल 2022 रोजी, पाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशात जळते पट्टे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडले. ते परदेशी अग्निबाणाचे अवशेष असल्याचे जाणकारांचे मत पडले. अशा वेळी अफवा आधी पोचते, माहिती नंतर. भीती वाटणे स्वाभाविक आहे, पण नेमकी माहिती असली की माणूस पळत नाही, कळवतो.

हे काम महाविद्यालयातल्या मुलांचे आहे. नांदेडला 1994 पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. त्याआधीच्या पिढ्यांना उच्च शिक्षणासाठी उस्मानिया किंवा औरंगाबाद गाठावे लागे. आज पदार्थविज्ञान शिकणारी मुले गावोगाव आहेत. त्यांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर फुग्याची ही सूचना चार ओळींत लिहिली, घरात आजोबांना ती समजावली, तरी अवकाश संशोधनात त्यांचा वाटा पडला. आणि उद्या त्यांच्यापैकीच कोणी ती पेटी बनवणाऱ्यांत असले, तर तिच्यावरची सूचना ते शुद्ध आणि सोप्या मराठीत लिहितील, एवढी अपेक्षा करायला काय हरकत आहे?