बीड प्रांतांतील वाकळ, पासोडी आणि पोथीचें बासन

अंबाजोगाई येथें दासोपंतांची (इ. स. १५५१–१६१५) पासोडी जपून ठेवलेली आहे, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस नव्यानें सांगावयास नको. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा जाड सुती वस्त्रावर पंचीकरणाच्या सुमारें १६०० ओव्या त्या सत्पुरुषानें लिहिल्या. पासोडी पाहावयास जाणारे ओव्यांची संख्या सांगतात, अक्षराचें वळण सांगतात. वस्त्राचें सूत, पन्हा व सांधे ह्यांची नोंद सहसा करीत नाहींत. वास्तविक पासोडी म्हणजे अंगावर घेण्याचें जाड पांघरूण. त्यावर ग्रंथ लिहिला गेला म्हणून तें चार शतकें राहिलें. ज्यांवर कोणीं अक्षर लिहिलें नाहीं अशीं त्याच प्रांतांतील पांघरुणें आमच्या संग्रहांत नाहींत, आणि आमच्या याद्यांतही नाहींत. त्यांविषयीं प्रस्तुत लेखांत चार शब्द लिहावयाचे आहेत.

ह्या शिवलेल्या पांघरुणास वाकळ व गोधडी अशीं दोन नांवें आहेत. वाकळ शब्दाची व्युत्पत्ति सरळ आहे. संस्कृत वल्कल, प्राकृत वक्कल, मराठी वाकळ. द्वित्व जाऊन पूर्वस्वर दीर्घ होणें (कर्ण, कण्ण, कान) आणि स्वरांमधील लकाराचा ळकार होणें (फल, फळ) हे दोन्ही आमच्या भाषेचे नित्य नियम होत. तपस्व्याच्या अंगावरची झाडाची साल गेली, तिचें नांव गरिबाच्या ठिगळांच्या पांघरुणास राहिलें. गोधडी शब्दांतील पहिल्या अक्षरावरून गाईकडे धांव घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. हिंदींत गुदडी, गुजरातींत गोदडी आहे. आष्टी तालुक्याच्या शेजारीं, नगर जिल्ह्यांतील कर्जत येथील सत्पुरुषांचें नांवही गोदड महाराज असेंच आहे. उलट वऱ्हाडांतील गाडगे महाराजांस (१८७६–१९५६) लोक गोधडेबाबा म्हणत. म्हणजे दोन्ही रूपें मराठींत नांदतात, आणि त्यांपैकीं दकाराचें रूप आम्ही मूळचें समजतों.

संस्कृत ग्रंथकार हिला कंथा म्हणतात. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत शंभर तुकड्यांच्या कंथेचा उल्लेख आहे, आणि बंगाल्यांत तोच शब्द कांथा ह्या रूपानें आजही चालतो. पाणिनीच्या सूत्रांतही कंथा शब्द येतो, परंतु तेथें त्याचा संबंध उशीनरादि देशांतील ग्रामनामांशीं आहे. कोशांत दोन्ही अर्थ शेजारीं शेजारीं पाहून कोणी पाणिनीकडून गोधड्या शिवून घेऊं नयेत, एवढ्यासाठीं हें सांगितलें. तुकडे जोडून वस्त्र करण्याची रीति मात्र खरोखरच जुनी. भिक्षूंचें चीवर मगध देशांतील शेतांच्या बांधांसारख्या आकृतीनें जोडून करावें, असें बुद्धानें आनंदास सांगितल्याचें विनयपिटकाच्या महावग्गांत आहे.

आतां कृति. नऊवारी लुगड्याची लांबी २७ फूट. त्याच्या चार घड्या केल्या म्हणजे पावणेसात फूट लांबीचे चार थर होतात, आणि लुगड्याचा पन्हा तोच वाकळेची रुंदी होतो. एका माणसाचें पांघरूण मापून कापावें लागत नाहीं. परंतु सबंध लुगडें वाकळेच्या वांट्यास क्वचितच येतें. लुगडें आधीं मध्यें विरतें, कारण बसण्याउठण्याचा ताण तेथें पडतो. तेवढा भाग काढून दोन्ही टोकें जोडतात, ह्यास दांड घालणें म्हणतात. पुढें तेंही झिजलें म्हणजे तें जुनेर झालें. जुनेराचे धडपे निघतात. त्यांतील बऱ्या धडप्यांचें लहान मुलाचें दुपटें, कुंची, टोपडें, चंची, बटवा असें काय काय होतें, आणि उरलेलें वाकळेच्या पोटांत जातें. पदर व काठ सर्वांत उशिरां झिजतात. म्हणून वाकळेच्या कडेस काठांच्या पट्ट्या आणि दर्शनीं बाजूस पदराचे तुकडे आढळतात. इरकली लुगड्याचा तांबडा पदर तर रंग उडाल्यावरही लपत नाहीं. पेठ ओळखण्यास जो भाग सर्वांत उपयोगी, नेमका तोच अशा रीतीनें वांचतो.

शिवण्याचें काम बहुधा उन्हाळ्यांत. सारवलेल्या जमिनीवर थर अंथरून कोपऱ्यांस दगड ठेवतात, सुरकुत्या हातानें काढतात, लांब टांक्यांनीं टांचून घेतात. मग जाड सुईनें कडेपासून धांवदोरा सुरू होतो आणि चौकोनांत चौकोन करीत मध्याकडे येतो. दोघी समोरासमोर बसल्या असल्या तर एकीचा टांका आंखूड, दुसरीचा सैल, एकीची रांग किंचित् चढती, असा भेद पुढें कित्येक वर्षें दिसत राहतो. एका पोथींत दोन हात ओळखणाऱ्या वाचकांस ह्याचें नवल वाटूं नये.

वाकळ जुनी झाली म्हणजे टाकून देत नाहींत. तिच्यावर नवें आवरण घालून पुन्हा शिवतात. त्यामुळें आंतला थर सर्वांत जुना आणि बाहेरचा सर्वांत नवा असा क्रम सामान्यतः लागतो. हे थर वाचतां येतात. मुंबईस दावरांनीं सुताची गिरणी १८५४ सालीं काढली व ती १८५६ सालीं चालूं झाली. त्याच १८५६ सालीं पर्किननें पहिला कृत्रिम रंग काढला. मंजिष्ठेच्या व आलाच्या तांबड्या रंगास प्रतिस्पर्धी असा कृत्रिम रंग १८६९ च्या सुमारास आणि कृत्रिम नीळ १८९७ सालीं बाजारांत आली. शिवणयंत्राची सिंगरची सनद १८५१ सालची. त्या यंत्राचा टांका दोन दोऱ्यांचा व अखंड असतो. हातचा धांवदोरा एका दोऱ्याचा व मध्यें अंतर सोडणारा. ह्या खुणांवरून अमुक थर अमुक सालापूर्वींचा नाहीं, एवढेंच सिद्ध होतें. तो त्याच सालचा आहे असें नव्हे. हातमागाचें कापड व देशी रंग खेड्यांत पुढेंही चालू होतेच. तरी शके नसलेल्या पोथीचा काळ केवळ अक्षरावरून ठरवितांना आम्ही ज्या अडचणी सोसतों, त्यांपेक्षां ही सामग्री कमी प्रतीची नाहीं.

पोथीचें बासन हें वाकळेचेंच धाकटें भावंड आहे. तेंही जुनेराचें, तेंही घरच्या बाईच्या हातचें, आणि पुष्कळदां थरांचें. पेशवे दप्तरांतील कागद रुमालांत बांधलेले, आणि रुमाल हेंच तेथें मोजणीचें माप होऊन बसलें. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. रुमालाच्या कापडाकडे पाहण्यास तेव्हां कोणास सवड नव्हती, व तें योग्यही होतें. आतां तशी सबब नाहीं.

पाटोदा तालुक्यांतील एका घरीं गीतेची एक पोथी आम्हांस दाखविण्यांत आली. पोथी सामान्य, शके नाहीं, पुष्पिका नाहीं. बासन मात्र दोन निरनिराळ्या लुगड्यांच्या तुकड्यांचें, आंत तिसरा थर, आणि एका कोपऱ्यास जपमाळ ठेवण्यापुरता चिमुकला कसा शिवलेला. आमच्यासमक्षच एका संग्राहकानें पोथीचा सौदा केला, बासन सोडून ओट्यावर ठेवलें आणि पोथी कोऱ्या तांबड्या खारव्यांत गुंडाळून घेतली. घरच्या आजीबाईंनीं बासन उचलून आंत नेलें. विचारतां म्हणाल्या, "येत्या वाकळेंत जाईल." पोथी आज सुरक्षित आहे, तिचा काळ सांगूं शकणारी वस्तु आतां कोणाच्या तरी पाठीखालीं आहे.

हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. ह्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांच्या बोचक्यांत वाकळ असतेच, कारण थंडीच्या दिवसांत फडाजवळच्या कोपींत तिच्यावांचून निभाव लागत नाहीं. परंतु वाकळेंतील कापड पालटलें आहे. सुती लुगडीं मागें पडलीं, कृत्रिम धाग्याचीं पातळें आलीं. तें कापड घाम टिपीत नाहीं आणि सुईखालून निसटतें. जीं सुती जुनेरें उरलीं तीं आजच्या वाकळांच्या पोटांत संपत आहेत. दुसरीकडे शहरांतील गिऱ्हाइकांसाठीं नव्या कापडाचे मुद्दाम तुकडे करून गोधड्या शिवल्या जातात. अखंड वस्त्र फाडून पुन्हा सांधावें हें आमच्या पिढीस चमत्कारिक वाटतें. तथापि त्यामुळें कांहीं बायकांचा हात चालतो आणि चार पैसे मिळतात, म्हणून त्यास नांवें ठेवण्याचें आमच्या मनांत नाहीं. इतिहासाचें साधन म्हणून मात्र ती गोधडी निराळी धरावी.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, पोथीबरोबर बासनही मागून घ्यावें आणि त्यावर पोथीचाच अनुक्रमांक घालावा. लांबीरुंदी, थरांची संख्या, सूत हातचें कीं गिरणीचें, काठाची वीण, एका इंचांत टांके किती, दांड कोठें, हें अर्ध्या पानांत मावतें. तें कोणीं शिवलें हेंही घरांत विचारावें. पुष्कळ ठिकाणीं सासू अगर आजेसासू म्हणून नांव अद्याप सांगतात. आंतला थर पाहण्यासाठीं शिवण उसवूं नये. फाटलेल्या जागेंतून जें दिसेल तेवढेंच लिहावें. आणि बासन धुवूं नये, कारण मळाच्या रेघांवरून पूर्वींच्या घड्या समजतात, व घड्यांवरून त्यांत पूर्वीं ह्याच मापाची पोथी होती कीं दुसरी, हें ताडून पाहतां येतें.