फाली मेजर यांचें सेनापतिपद

सैन्यांत शस्त्रांची जशी उतरंड असते, तशी मानाचीही असते. मराठ्यांच्या फौजेंत घोडेस्वाराचा जो तोरा असे, तो तोफांचे गाडे ओढून नेणाऱ्यांच्या वांट्यास कधीं आला नाहीं. आणि धान्याचे तांडे घेऊन येणारा वंजारी तर बखरकारांच्या लेखणींत क्वचितच सांपडतो. वस्तुतः रसद तुटली कीं घोडाही बसतो आणि स्वारही, हें पानिपतावर आपल्या पूर्वजांनीं पुरेपूर किंमत देऊन पाहिलें. आकाशांतील सेनाही या नियमास अपवाद नाहीं. १९३२ सालीं स्थापन झालेल्या भारतीय वायुदलांत लढाऊ विमान चालविणारा तोच खरा शिलेदार, अशी समजूत पिढ्यानुपिढ्या चालत आली. मार्च २००७ च्या अखेरीस फाली होमी मेजर यांनीं वायुदलप्रमुखपदाचीं सूत्रें हातीं घेतलीं, तेव्हां ती प्रथमच मोडली. हेलिकॉप्टरचा वैमानिक त्या आसनावर त्यापूर्वीं कधीं बसला नव्हता.

मेजर हें त्यांचें आडनांव. वायुदलांत या नांवाचा हुद्दाच नाहीं, म्हणून नवख्या माणसाचा घोटाळा होणें साहजिक आहे. सिकंदराबादेस २९ मे १९४७ रोजीं एका पारशी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. पारशी समाजानें याआधीं अस्पी इंजिनियर यांच्या रूपानें वायुदलास एक प्रमुख दिला होता. परंतु ते जुन्या घडणीचे, लढाऊ तुकडींत वाढलेले गृहस्थ. मेजर १९६७ च्या अखेरच्या दिवशीं वायुदलांत रुजू झाले व हेलिकॉप्टरकडे वळले. त्या काळीं ही शाखा कोंवळीच होती. वायुदलाकडे पहिलें हेलिकॉप्टर आलें तें १९५४ सालीं. पुढें १९७१ च्या डिसेंबरांत मेघना नदीवरून पायदळाच्या पलटणी उचलून पलीकडे उतरविण्याचें काम या यंत्रांनीं केलें, आणि ढाक्याची वाट उघडण्यास तें मोठेंच साह्य झालें. तरीही युद्धकथांत विजयाचा तुरा बहुधा लढाऊ विमानांच्याच शिरावर खोंवला जातो.

हेलिकॉप्टरची विद्या निराळी आहे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. लढाऊ विमानाचें सामर्थ्य वेगांत; हेलिकॉप्टरचें सामर्थ्य अधांतरीं थांबण्यांत. डोक्यावर फिरणारीं पातीं हवा खालीं लोटतात व त्या बळावर यंत्र जागच्या जागीं टांगलेलें राहतें. परंतु हवा विरळ झाली कीं हें बळ घटतें, आणि त्याबरोबर इंजिनाचा दमही घटतो. हिमालयाच्या उंचीवर, जेथें माणसास दहा पावलें चालणें जड जातें, तेथें हेलिकॉप्टरलाही धाप लागते म्हणाना! १९८४ च्या एप्रिलांत भारतीय सैन्य सियाचेनवर चढलें. तेव्हांपासून तेथील उंच ठाण्यांवरचा शिधा, रॉकेल, औषधें आणि आजारी शिपाई यांचा भार बव्हंशीं या यंत्रांवरच आहे. या हिमनदीवरील उड्डाणांबद्दल मेजर यांस वायुसेना पदक मिळालें.

परंतु ज्या एका प्रसंगावरून त्यांची पारख करावी असें आम्हांस वाटतें, तो रणांगणावरचा नव्हे. ऑक्टोबर १९९२ मध्यें हिमाचल प्रदेशांतील परवाणू येथें दरीवरून जाणाऱ्या तारेवरच्या पाळण्याची ओढतार तुटली, आणि प्रवाशांनीं भरलेला पाळणा खोल दरीवर लोंबकळत राहिला. वरून येण्यावांचून मार्ग नव्हता. सरसावा येथील तळावरून ग्रुप कॅप्टन मेजर आपलें एम-आय १७ जातीचें हेलिकॉप्टर घेऊन आले. पातीं तारांस लागलीं तर सर्वनाश. फार जवळ जावें तर पात्यांच्या वाऱ्यानें पाळणाच झोंके खाणार. शिवाय वैमानिकास आपल्या पोटाखालचें कांहींच दिसत नाहीं. दाराशीं बसलेला सहकारी सांगेल तेवढेंच त्याचे डोळे. अशा स्थितींत त्यांनीं यंत्र स्थिर धरलें, आणि छत्रीसैनिकांपैकीं आयव्हन क्रॅस्टो (हे मात्र हुद्द्यानें मेजर!) दोरावरून पाळण्याच्या छपरावर उतरून आंत शिरले. एकेक प्रवासी वर ओढला जाऊं लागला. अंधार पडला तेव्हां कांहीं जण उरलेच होते. क्रॅस्टो त्यांच्यासह रात्रभर त्या पाळण्यांतच राहिले, आणि दुसऱ्या दिवशीं उरलेल्यांची सुटका झाली. क्रॅस्टो यांस कीर्तिचक्र आणि मेजर यांस शौर्यचक्र देण्यांत आलें. युद्धांत शत्रूवर झेंप घेणाऱ्याचें शौर्य क्षणाचें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण मिनिटांमागून मिनिटें एका जागीं, न हलतां, दुसऱ्याचा जीव दोरावर तोलून धरणें ही धीराची जात वेगळी, आणि तिचे पोवाडे फार थोडे झाले आहेत.

पुढें तिन्ही दलांच्या संयुक्त कार्यालयांत ते अधिकारपदावर असतां २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली. कार निकोबारचा वायुदलाचा तळ उद्ध्वस्त झाला. नौदलाचीं जहाजें, भूदलाचीं माणसें आणि वायुदलाचीं विमानें यांची सांगड घालण्याचें काम मेजर यांजकडे होतें. नंतर शिलाँग येथील पूर्व विभागाचें आधिपत्य, आणि तेथून सर्वोच्च पद.

लढाऊ विमानांच्या सेनेचा धनी लढाऊ वैमानिकच असावा, हा आक्षेप अगदींच पोकळ नव्हे. हल्ल्याची भाषा ज्यास रक्तांतून येत नाहीं, त्यास ती शिकावी लागते. गंमत अशी कीं, १२६ लढाऊ विमानांच्या खरेदीसाठीं ऑगस्ट २००७ मध्यें निविदा निघाल्या, त्या याच हेलिकॉप्टरवाल्याच्या कारकीर्दींत. ती खरेदी पुढें फिसकटली आणि अखेर २०१६ सालीं ३६ राफेल विमानांवर करार झाला, हा दोष मात्र त्यांच्या माथीं मारतां येणार नाहीं. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर हल्ला झाला, तेव्हां नरीमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो उतरविण्यास आलें तें एम-आय १७ च. मुंबईकरांनीं तें घराघरांतून दूरचित्रवाणीवर पाहिलें. तें अधांतरीं तोलून धरणाऱ्या वैमानिकाची अडचण काय असते, हें जाणणारा माणूस त्या वेळीं दिल्लींत प्रमुखाच्या खुर्चींत होता.

वयाचीं बासष्ट वर्षें पुरीं होतांच, ३१ मे २००९ रोजीं, मेजर निवृत्त झाले. दोन वर्षें आणि दोन महिने, एवढाच त्यांचा काळ. त्यांच्यामागून आलेले प्रदीप नाईक नागपूरचे, आपल्यांतले. आणि वैमानिक लढाऊ विमानाचे. त्यांच्यानंतरचे ब्राऊन, राहा, धनोआ, भदौरिया व चौधरी हेही तसेच.