गुरुजी आणि पालक: पांढुर्णा-सौंसरच्या सीमेवर

1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला; पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. अनेक घरांत मराठी आणि वर्गात हिंदी. अशा मुलांसाठी पालक-शिक्षकांचं बोलणं गरजेचंच होतं.

मध्य प्रदेशच्या 1997च्या शिक्षण हमी योजनेनं पालकांना मागणीचा हक्क दिला. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल, तर 40 मुलांसाठी, आदिवासी भागात 25 मुलांसाठी, सरकारनं 90 दिवसांत सोय करायची. शिकवणारा गुरुजी शक्यतो गावातलाच. त्यामुळे पोराची चौकशी पारावरही होई.

राज्याच्याच 2002च्या जनशिक्षण अधिनियमानं पालक-शिक्षक संघ आणले. 2009च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या; समितीत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. त्या बैठकीत इथल्या आईला मराठीतूनही बोलता यायला हवं.