क्षमेचा अधिकार कोणाचा?

हंगेरीचे थोर नट अंताल पागेर १९४२ साली ‘ओर्शेगवाल्ताश’ या ज्यूद्वेष्ट्या चित्रपटाचे नायक होते. १९४४ च्या मे ते जुलै या काळात त्या देशातून ४ लाखांहून अधिक ज्यू मुख्यतः आऊशवित्झला धाडले गेले. युद्धाच्या अखेरीस देश सोडलेले पागेर पुढे अर्जेंटिनात राहिले. १९५६ साली साम्यवादी राजवटीने त्यांना परत घेतले. १९६४ साली ‘पाचिर्ता’तील पित्याच्या भूमिकेसाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान त्यांना विभागून मिळाला.

‘ते केवळ नट होते,’ असे समर्थक म्हणतात. आम्हांस मात्र वाटते, द्वेषाला देखणा चेहरा देणारा अगदीच निर्दोष कसा? राजसत्तेने दार उघडले, रसिकांनी टाळ्या दिल्या. परंतु क्षमेचा अधिकार ज्यांचा, त्यांतील बहुतेक उरलेच नव्हते.