नंदगडहून गोवा किती लांब?

मिठाच्या गोणीला टेकू नका, सदरा ओला होईल. साल 1880 च्या आसपासचं आहे आणि तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडच्या पेठेत उभे आहात. गोव्याचा माल उतरतोय: सुपारी, नारळ, खोबरेल, खजूर. परतीला गहू जायचा. गोवा किती लांब, असं गाडीवानाला विचाराल तर तो आधी बैलांच्या खांद्याकडे बघेल. "घाट कसा हाय त्यावर, मालक." तो कोस नाही, मुक्काम मोजतो. पणजी इथून सरळ रेषेत जेमतेम 80 किलोमीटर; पण सरळ रेषेत जायला मध्ये सह्याद्री नसायला हवा होता.

पुढे कॅसलरॉकचा घाट उतरून मुरगावला रेल्वे जाते. ती बघत थांबू नका, तीही एक दिवस बंद पडणार आहे.

18 डिसेंबर 1961. सकाळ, कडाक्याची थंडी, हातात चहा. रूळ जागेवर आहेत, पण 1955 च्या भारताच्या नाकेबंदीपासून पोर्तुगीज गोव्याची गाडी बंद. त्यावर पोर्तुगीजांनी गोव्यात दाबोळीला विमानतळ उभारला, स्वतःची विमानसेवा काढली. म्हणजे गोव्यातला माणूस साडेबाराशे किलोमीटरवरच्या कराचीला काही तासांत उतरतो आणि 80 किलोमीटरवरच्या नंदगडला सरळ येऊ शकत नाही. असलं अंतर कुठल्या फुटपट्टीनं मोजायचं?

चहा बशीत ओता आणि उत्तरेकडे कान द्या. ब्रिटिशांनी 1942 साली महायुद्धासाठी बांधलेल्या, बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या तळावरून भारतीय हवाई दलाची हंटर विमानं उडालीत. रोख गोव्यातल्या बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर. अंतर नव्वदेक किलोमीटर. ताशी 800 चा वेग धरला तर सात मिनिटं. बशीतला चहा निवायच्या आत घाट, नाका, नाकेबंदी सगळं मागं. पुण्याहून निघालेली कॅनबेरा विमानं दाबोळीची धावपट्टी फोडतात. तरी त्याच रात्री, अंधारात, खड्डे कसेबसे चुकवून दोन प्रवासी विमानं कराचीकडे निसटतात. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण येतात.

आता आजच्या दिवसात या. मुंबईचं विमान धरायचंय ना? मग लवकर निघा. सांबरा इथून सरळ रेषेत 32 किलोमीटर, पण वाट खानापुरावरून, मग बेळगावातली गर्दी, मग तपासणीची रांग. एवढ्यात दोन-अडीच तास सहज जातात. पुढचे 400 किलोमीटर तासा-सव्वातासाचे.

खिडकीची जागा मिळालीय. वरून नंदगड दिसेल म्हणून तुम्ही काचेला नाक लावता. विमान वायव्येला वळतं. गाव दक्षिणेला, शेपटाच्या मागं राहतं.