ज्यूंचा संहार आणि आपली तुलना

तीन वर्षांपूर्वी चौदा एप्रिलला आंबेगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर माझे भाषण होते. जयंतीचे भाषण कसे असते ते वाचकांना ठाऊक आहे. समोर माणसे असतात, मागे लाऊडस्पीकर वाजत असतो आणि वक्त्याला टाळीची वाक्ये लागतात. मी म्हणालो, ‘जर्मनीत ज्यूंचे जे झाले तेच या देशात आपले झाले.’ टाळी मिळाली. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त प्राथमिक शिक्षक जवळ आले. वय ऐंशीच्या घरात. ते शांतपणे म्हणाले, ‘सर, तेच झाले म्हणता. तेच झाले असते तर मग आपण इथे कसे बसलो आहोत?’

गुरुजी माझी चेष्टा करत नव्हते. त्यांना उत्तर हवे होते आणि ते माझ्याजवळ नव्हते. मी इतिहास शिकवतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यामुळे चार पुस्तके वाचली की आपल्याला सगळे कळले असे वाटण्याची खोड मलाही आहे. त्या रात्री जुन्नरला परतताना जाणवले की, ज्यूंच्या संहाराबद्दल माझ्याजवळ एक आकडा आणि एक वाक्य यापलीकडे काही नव्हते. आकडा साठ लाखांचा. वाक्य बाबासाहेबांचे, तेही दुसऱ्याच्या लेखात वाचलेले.

आणि वर्गात काय चालते? दरवर्षी एखादा मुलगा उभा राहून सांगतो की या देशाला हिटलरच पाहिजे. तो मुलगा दुष्ट नसतो. एसटी वेळेवर यावी आणि तलाठ्याने पैसे मागू नयेत, एवढ्यासाठी त्याला हिटलर हवा असतो! गावच्या वाचनालयात वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ असते, पण या मुलाने ते उघडलेले नसते. त्याने पुण्याच्या फुटपाथवर हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर पाहिलेले असते. असे म्हणणाऱ्यांत आपल्या वस्तीतली मुलेही असतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून मी मुळापासून वाचायला घेतले. वाचताना पहिल्यांदा थांबलो तो गॅसच्या कोठड्यांपाशी नाही. त्या १९४१-४२ मध्ये आल्या. त्याआधीची आठ वर्षे कागदाची आहेत. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी सत्तेवर आला. ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यू नोकरदार, शिक्षक, प्राध्यापक सरकारी सेवेतून बाहेर काढले गेले. १५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व गेले आणि ज्यू व जर्मन यांच्या विवाहावर बंदी आली. मिश्रविवाहाची एवढी दहशत कोणाला वाटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पुढे बागेतली बाके वेगळी झाली, पोहण्याचे तलाव बंद झाले. १९३८ च्या नोव्हेंबरात प्रार्थनामंदिरे जाळली गेली आणि झालेल्या नुकसानीचा दंड ज्यूंकडूनच वसूल केला गेला.

यातली एक गोष्ट मात्र मला सोडवत नाही. १७ ऑगस्ट १९३८ च्या हुकुमाने ठरवले की, ज्याचे नाव सरकारी यादीतल्या ज्यू नावांपैकी नसेल त्या प्रत्येक ज्यू पुरुषाने आपल्या नावाला ‘इस्रायल’ आणि स्त्रीने ‘सारा’ जोडायचे. नाव वाचताच माणूस ओळखू आला पाहिजे! आमच्या आजोबांची नावे आठवा. दगडू, धोंड्या, कचऱ्या, केरू. महाराच्या पोराला ‘राम’ म्हणण्याची सोय नव्हती, म्हटलेच तर ‘राम्या’. इथे त्यासाठी राजपत्रात हुकूम काढावा लागला नाही, पाटलाच्या जिभेवर तो होताच. नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत ज्या समाजाने झुंज दिली, त्याला नावात काय असते हे विचारू नये.

नावामागून यादी आली. १७ मे १९३९ च्या जर्मन जनगणनेत प्रत्येक घराला एक जादा कार्ड भरावे लागले. त्यावर चारही आजी-आजोबा वंशाने ज्यू होते की नाही ते लिहायचे. हे वाचून एका विद्यार्थ्याने विचारले, ‘मग आपण जातनिहाय जनगणना कशाला मागतो?’ प्रश्न बरोबर आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये पुढच्या जनगणनेत जात मोजायचे ठरवले, तेव्हा आपण आनंद मानला. माझे मत असे की मोजणी दोन्हीकडे वापरता येते, वाटा देण्यासाठी आणि वेचून काढण्यासाठी. फरक कार्डात नसतो. ते कार्ड कोणत्या घटनेखाली भरले जाते आणि ज्याचे नाव त्यावर आहे त्याला कोर्टात उभे राहता येते की नाही, यात तो असतो. भटक्या-विमुक्तांना हे जास्त समजेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची हजेरी त्यांच्या आजोबांनी दिली आहे. नाझींनी रोमा-सिंती लोकांनाही जन्माने गुन्हेगार ठरवून त्यांची वंशावळ नोंदवली आणि त्यांतल्या लाखोंना मारले. त्या लोकांचे पूर्वज भारतातून गेलेले. आपल्या चळवळीत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

आता तुलनेकडे येतो. ती करणारा मी पहिला नाही, एकटे बाबासाहेबही नाहीत. गांधींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये ज्यूंवर लेख लिहिला. १९३३ साली पुण्यातून सुरू झालेल्या या पत्राचे नाव आपल्याला किती रुचते तो भाग वेगळा. ज्यू हे ख्रिस्ती जगातले अस्पृश्य आहेत, ही तुलना गांधींनी त्या लेखात केली होती. पुढे सल्ला काय? जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा आणि स्वेच्छेने क्लेश सोसावेत.

बाबासाहेबांनी तीच तुलना चार वर्षांनी केली. कॅनडात माँ ट्रेंब्लाँ येथे डिसेंबर १९४२ मध्ये पॅसिफिक राष्ट्रांच्या प्रश्नांवर परिषद भरली. तिच्यासाठी त्यांनी लिहिलेला निबंध पुढे १९४३ साली पुस्तकरूपाने आला. नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांचा अस्पृश्यांशी व्यवहार यांत विचाराने आणि परिणामाने फरक नाही, असे त्यांनी मांडले. त्यातून त्यांनी मागितले ते राजकीय हक्क आणि संरक्षण. सोसण्याचा सल्ला त्यात नाही. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, नाझींविरुद्धच्या युद्धाच्या बाजूने बोलत होते. त्याआधी ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली होती, आणि तिच्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता. एकाच तुलनेतून दोन माणसे दोन टोकांना गेली.

पण तारखा पाहा. परिषद डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाली. आणि ज्यूंचा समूळ संहार चालू आहे हे मित्रराष्ट्रांनी एकत्रितपणे जाहीर केले ते १७ डिसेंबर १९४२ रोजी. म्हणजे बाबासाहेबांनी लिहिले तेव्हा जगाला मुख्यतः न्यूरेंबर्गचे कायदे, जाळपोळ, बहिष्कार, हद्दपारी एवढे माहीत होते. त्या पुराव्यावर त्यांची तुलना काटेकोर आहे. ट्रेब्लिंका आणि आउशवित्झ यांचा पुरता हिशेब पुढे लागला. त्यांच्या वाक्याची तारीख पुसून आपण ते आज जसेच्या तसे टाळीसाठी वापरतो, तेव्हा अन्याय त्यांच्यावर होतो आणि मेलेल्यांवरही. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीला घेट्टो म्हटले, काटेरी कुंपणाची प्रतिमा वापरली. तिथे बोट वस्तीवर आहे, कोंडण्यावर आहे. शब्द त्यांनी मोजून वापरला, आपण तो सैल केला.

मग गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर काय? आपण इथे बसलो आहोत, कारण गावाला आपले श्रम हवे होते. मेलेले ढोर ओढायला, सरपण फोडायला, वेस राखायला, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात धावायला माणूस लागत होता. त्याला संपवून ही व्यवस्था चालली नसती. त्याला जगवून, शिळ्या तुकड्यावर ठेवून ती चालली. त्याने पायरी सोडली की मग रक्त सांडले. १९६८ साली तमिळनाडूत किळवेनमणीला ४४ माणसे जाळली गेली ती मजुरी वाढवून मागितल्यावर, आणि खैरलांजी तर २००६ ची. इथे हत्या उरलेल्यांना जागेवर ठेवण्यासाठी होते. नाझींना ज्यू कोणत्याही जागेवर नको होता. १९४४ च्या मे ते जुलैमध्ये, रशियन फौजा पुढे सरकत असताना, जर्मनीला मजुरांची आणि आगगाड्यांची निकड असताना, हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यू हलवले गेले. त्यांतले बहुतेक आउशवित्झला गेले आणि त्यांतल्या बहुतेकांना, म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या लेकरांना तर सरसकट, पोचल्या दिवशीच मारले. यात कोणाचे दुःख मोठे असे मी म्हणत नाही. दोन रोगांना एक नाव दिले की एकाचेही निदान होत नाही.

या महाराष्ट्राचा त्या इतिहासाशी संबंध नाही, असेही समजू नये. कोकणातले बेने इस्रायल शतकानुशतके तेलाचे घाणे चालवत आले. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते ‘शनवार तेली’. पेणकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे, आणि बोली मराठी. जे ‘इस्रायल’ नाव बर्लिनमध्ये डाग म्हणून लादले गेले, ते इथे एका समाजाने अभिमानाने लावले. १९३८ च्या मार्चमध्ये व्हिएन्नात ज्यूंना रस्ते घासायला लावले जात होते, तेव्हा मुंबईच्या महापौरपदावर डॉ. इ. मोझेस हे बेने इस्रायल गृहस्थ होते. वरळीकडचा रस्ता त्यांच्याच नावाचा. तरीही युरोपातून पळून आलेल्या ज्यूला या देशात शिरणे सोपे नव्हते. मुंबईत १९३४ साली स्थापन झालेल्या ज्यूईश रिलीफ असोसिएशनला त्यांच्या पोटापाण्याची हमी घ्यावी लागे. युद्ध पेटताच इंग्रज सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुष पकडून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ठेवले. त्यांत हिटलरपासून पळालेले ज्यूही होते, कारण पासपोर्ट जर्मन! पुढे काहींना आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर किल्ल्यावरच्या छावणीत राहावे लागले. पुरंदर म्हटले की आम्हाला एकच तह आठवतो.

आणि याच पुण्यात १ ऑगस्ट १९३८ रोजी सावरकरांनी जर्मनीला नाझीवाद स्वीकारण्याचा हक्क आहे असे जाहीर सभेत सांगितले. पुढच्याच वर्षी नागपुरातून गोळवलकरांचे पुस्तक निघाले. त्यात जर्मनीने ज्यूंना हाकलले हा वंशाभिमानाचा नमुना म्हणून, हिंदुस्थानने धडा घ्यावा म्हणून सांगितला आहे. वर्गातल्या त्या मुलाच्या तोंडी आलेला हिटलर आकाशातून पडलेला नाही.

अभ्यासात मला सर्वांत जवळचा वाटला तो एक शिक्षक. इमॅन्युएल रिंगेलब्लूम. वॉर्सात शाळेत इतिहास शिकवणारा. नाझींनी शहरातले ज्यू भिंतीआड कोंडले, तेव्हा नोव्हेंबर १९४० पासून त्याने गुपचूप एक मंडळ चालवले. शिक्षक, लेखक, कार्यकर्ते असे काही डझन लोक. त्यांनी भाकरीचे भाव लिहिले, रोगराई लिहिली, विनोद टिपले, मुलांकडून निबंध लिहवून घेतले, रेशनकार्डे आणि खाऊचे रंगीत कागदसुद्धा जपले. आपल्यातल्याच दलालांबद्दल आणि ज्यू पोलिसांबद्दलही त्यांनी लिहिले, झाकले नाही. आपला इतिहास मारणाऱ्याच्या दप्तरातून लिहिला जाऊ नये, हा हट्ट. १९४२ च्या उन्हाळ्यात ट्रेब्लिंकाच्या गाड्या सुरू झाल्या तेव्हा पहिले कागद पत्र्याच्या पेट्यांत घालून पुरले, पुढचे दुधाच्या दोन कॅनमध्ये. आपल्या मंचर-नारायणगावकडे डेअरीला दूध ज्यातून जाते, तसलेच ते कॅन. रिंगेलब्लूम मार्च १९४४ मध्ये बायको-मुलासह मारला गेला. मंडळातले तिघेच वाचले. पेट्या १९४६ साली आणि कॅन १९५० साली सापडले. सुमारे पस्तीस हजार पाने. तिसरा साठा अजून सापडलेला नाही.

आपली आत्मकथने हेच काम करतात असे मी पूर्वी म्हणत असे. आता थोडे सावरून म्हणतो. आत्मकथन एका लेखकाचे असते. रिंगेलब्लूमने लेखक नसलेल्यांकडून लिहवून घेतले. ते आपण केले का?

जुन्नरला हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथल्या लेण्यांत नावे कोरलेली आहेत. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी दान देणाऱ्या यवनांची आहेत. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. पुढे ज्यांच्या कामाला हलके ठरवले गेले, ते बांबूकामवाले बुद्धाच्या डोंगरात मानाने नोंदले गेले. त्यानंतर आपल्या माणसांची नावे दिसतात ती वसुलीच्या आणि वतनाच्या कागदांत. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून एकेका मृताची माहिती भरून घेत ४८ लाखांहून अधिक नावे जमवली आहेत.

मुलांना घेऊन मी एक वही सुरू केली. घोडेगावच्या बाजूची मुले म्हणाली, डिंभ्याच्या पाण्यात गेलेल्या गावांचेही लिहू. जुने आंबेगाव त्याच पाण्याखाली आहे, तालुक्याला फक्त नाव उरले. ‘ते पण संहारच ना, सर?’ असे एकीने विचारले. नाही म्हणालो. विस्थापन म्हणायचे, आणि किती घरे उठली, जमीन कोणाला मिळाली, कोणाला नाही, ते नेमके लिहायचे. ती जरा नाराज झाली, पण तिने लिहिले. हिटलर पाहिजे म्हणणारा मुलगाही एकदा आला. नंतर दोन महिने आला नाही. मग आजीचे माहेर कोणते ते विचारून आला.

गेल्या पावसाळ्यात गुरुजींकडे गेलो. इतक्या उशिरा का होईना, उत्तर सांगितले. ते ऐकून बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘शाळेत घातले तेव्हा मास्तरने माझे नाव कचरू लिहिले. आई भीमराव म्हणायची. नोकरी लागायच्या आधी मी ते बदलून घेतले. दोन्ही लिहा.’ वहीत ती दोन्ही नावे आहेत. त्यांच्याखाली त्यांच्या तीन बहिणींची आहेत. त्यांतल्या दोघी शाळेत गेल्याच नाहीत, त्यामुळे त्यांची नावे कुठल्याच दाखल्यावर नव्हती.