सोव्हिएट काळातील चित्रपट आणि स्त्रियांची वेशभूषा

सोव्हिएट संघात तयार कपड्यांची कायम टंचाई असे आणि दुकानात मिळे तेही बहुधा एकसुरी. त्यामुळे नव्या फॅशनचा नमुना स्त्रियांनी पडद्यावरून उचलला. १९३० च्या दशकात ल्युबोव्ह ऑर्लोव्हा ही त्यांची आदर्श तारका होती. पण खरी लाट आली ती स्टालिनच्या मृत्यूनंतर. एल्दार र्‍याझानोव्हच्या ‘कार्निव्हल नाइट’ (१९५६) मध्ये ल्युदमिला गुरचेन्कोने घातलेला बारीक कमरेचा, घेरदार काळा पोशाख म्हणजे फ्रेंच फॅशन डिझायनर दिओरच्या १९४७ च्या ‘न्यू लुक’चा उशिरा पोहोचलेला अवतार. शिवणयंत्रावर घरोघरी त्याच्या नकला झाल्या. ज्यांना परवडे त्यांनी शिंपिणीकडून शिवून घेतल्या.

परदेशी चित्रपट मोजकेच येत, म्हणून त्यांचा प्रभाव अधिकच. फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दोच्या ‘बाबेत गोज टू वॉर’ (१९५९) वरून केसांच्या उंच फुगवलेल्या रचनेला ‘बाबेत्ता’ हेच नाव पडले. फुगवटा टिकावा म्हणून आत जुना नायलॉनचा मोजा कोंबण्याची युक्तीही रूढ झाली. पुढे ‘ऑफिस रोमान्स’ (१९७७) या सोव्हिएट चित्रपटात तर सेक्रेटरी व्हेरा आपल्या रुक्ष संचालिकेला बूट, भुवया आणि चाल यांवर चक्क धडे देते.